रोपाची हमी : कशाची आणि कुठवर

निगडीपासून चाकणपर्यंत आणि तळेगावपासून भोसरीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात वॉरंटी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या असंख्य घरांची चूल वाहनांवर आणि वाहनांच्या सुट्या भागांवर पेटते. गाडीला मिळणारी वॉरंटी नेमकी कशाची, हे लाइनवर उभ्या असलेल्या कामगाराला तोंडपाठ असते. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीत जो दोष होता, त्याची ती वॉरंटी. मालकाने तेल न घालता पळवलेल्या इंजिनाची नव्हे. एखादा भाग सदोष निघाला तर बॅच नंबरावरून तो कोणत्या पुरवठादाराचा, कोणत्या तारखेचा, इथवर मागे जाता येते आणि त्याची रक्कम डेबिट नोट काढून पुरवठादाराच्या बिलातून वळती होते. मात्र याच कंपन्यांच्या फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या नर्सरीतून रोप घेतले की हा सगळा हिशेब थांबतो. हातात येते ती काळी पिशवी आणि सोबत एक तोंडी आश्वासन : पाणी घाला, लागेल. ते लागले नाही तर पुढची दोन वाक्ये ठरलेली असतात. घेणारा म्हणतो, रोपच खराब दिले. देणारा म्हणतो, पाणी नीट घातले नाही. दोघांपैकी खरे कोण, हे ठरवायला कुणाजवळ काहीच नसते. रोप कचऱ्यात जाते आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप बसते.

ही पुस्तिका त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. ती गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीसाठी, कंपन्यांच्या खरेदी विभागासाठी आणि तितकीच नर्सरीचालकांसाठी लिहिली आहे. तिच्यामागची भूमिका आधीच स्पष्ट करतो. झाड जगेलच अशी हमी कुणी देऊ नये आणि कुणी मागूही नये. पण विकतेवेळी रोपात काय होते, त्याचे नाव काय, मुळे कशी, कलमाचा सांधा कसा, अंगावर कीडरोग होता की नव्हता, याची हमी विकणाऱ्याने दिलीच पाहिजे. ती खोटी ठरली तर नुसते दुसरे रोप पुढे सरकवून भागणार नाही, पैसे परत केले पाहिजेत. या दोन हम्या आज एकाच शब्दात कालवल्या जातात. त्यामुळे प्रामाणिक नर्सरीवाला हमी द्यायला घाबरतो आणि निष्काळजी नर्सरीवाला सहज सुटतो.

आधी रोप इथे येते कसे ते पाहू. पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बऱ्याच नर्सऱ्यांत रोपे तयार होत नाहीत, ती तिथे फक्त विकली जातात. माल येतो पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या सोरतापवाडी, उरुळी कांचन भागातून, आणि शोभेच्या झाडांचा मोठा वाटा ट्रकने थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून. गोदावरीकाठच्या दमट हवेत वाढलेले झाड ट्रकमध्ये एकमेकांवर रचून शेकडो किलोमीटर प्रवास करते, एखाद्या मोठ्या नर्सरीत काही दिवस उतरते, तिथून लहान नर्सरीत, तिथून बागकाम करणाऱ्या ठेकेदाराकडे आणि शेवटी रावेत-पुनावळ्याच्या एखाद्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या गॅलरीत किंवा चाकणच्या मुरमाड भूखंडावर पोहोचते. वाटेत त्याची पिशवी बदललेली असते, कधी नावही. हिरव्या जाळीखालून ते एकदम उघड्या उन्हात आणि विसाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात येते. या साखळीत कुणीच लबाडी केली नाही असे धरले तरी शेवटच्या विक्रेत्याला रोपाचा पूर्वेतिहास माहीत नसतो. ज्याचा इतिहास माहीत नाही त्याची हमी तो देणार तरी कशी? हमीचा प्रश्न म्हणूनच आधी नोंदीचा प्रश्न आहे. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे. करही नाही आणि कराची वजावटही नाही, म्हणून कंपनीचा हिशेब विभागसुद्धा रोपांच्या बिलाकडे कुंडीच्या बिलाइतके बारकाईने पाहत नाही. ‘झाडे, १५० नग’ एवढ्यावर लाखाची खरेदी पूर्ण होते.

विकतेवेळचा दोष खरोखर ओळखता येतो का, हा यातला कळीचा प्रश्न. बहुतेक वेळा येतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पिशवीतले एक झाड आडवे धरून पिशवी एका बाजूने ब्लेडने उभी कापावी. निरोगी रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गड्डा, हातात अखंड राहते. तिच्या बाहेरच्या अंगाला पांढरट, बारीक, ताजी मुळे दिसतात आणि माती ओलसर पण मोकळी असते. दोन प्रकारचे दोष लगेच नजरेत भरतात. पहिल्यात कापताक्षणी माती भुसभुशीत होऊन गळून पडते आणि आतून जेमतेम एका पेल्याएवढा जुना गड्डा निघतो. चार दिवसांपूर्वी लहान पिशवीतले रोप मोठ्या पिशवीत हलवून मोठ्या पिशवीच्या भावाने विकल्याची ही खूण. दुसऱ्यात उलटे असते. माती जवळपास संपलेली, मुळे जाड, तपकिरी, पिशवीच्या तळाशी दोरखंडाच्या वेटोळ्यासारखी फिरलेली. हे रोप पिशवीत फार काळ राहिले आहे. ते लावल्यावर लगेच मरत नाही. दोन पावसाळे बरे दिसते. मग ती वेटोळी जाड होत खोडालाच आवळतात, आणि एखाद्या जूनच्या वादळात झाड बुंध्यापासून आडवे होते, मुळांचा फेर पिशवीच्या मापाचाच असतो. कलमी झाडात तिसरी जागा पाहायची ती सांध्याची. कलम बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी वेळेवर सोडली नाही तर ती सालीत रुतते आणि सांध्याच्या वर फुगवटा येतो. सांध्याच्या खालून फुटलेला जोमदार फुटवा असेल तर वाढतो आहे तो खुंट, विकत घेतलेली जात नव्हे.

मेलेले झाडही साक्ष देते, फक्त ते उपटून फेकून देण्याआधी पाहिले पाहिजे. खड्ड्यातून काढल्यावर हुंडी पिशवीच्या आकारातच असेल आणि एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेले नसेल, तर त्या रोपाने खड्ड्यात जीव धरलाच नव्हता. मग पाहायचे की मुळे आधीपासून वेटोळली होती, की माळ्याने पिशवीसकट लावले. दुसरी चूक सर्रास होते आणि तिचा दोष नर्सरीवाल्यावर टाकता येत नाही. मुळे काळी पडून हाताला सालपटासारखी सुटत असतील आणि खड्ड्यातून आंबूस वास येत असेल, तर पाणी साचले. आमच्या पट्ट्यात याचे मोठे कारण म्हणजे मुरमाचा भराव. रोलर फिरवून दाबलेल्या मुरमात दीड फुटाचा खड्डा घेतला की जुलैत ती पाण्याची टाकी होते आणि एप्रिलमध्ये भट्टी. तिथे जगातली उत्तम हुंडीही टिकणार नाही. मुळांवर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी. पेरूच्या बागांना ज्याने जेरीस आणले तो गाठी करणारा सूत्रकृमी रोपांच्या मातीतूनच एका जागेहून दुसऱ्या जागी जातो, आणि एकदा जमिनीत शिरला की रोप बदलून देण्याने काहीही भरून निघत नाही, उलट त्याच नर्सरीच्या मातीने भरलेली दुसरी पिशवी येते. बदली रोप हीच पुरेशी भरपाई असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणावर थांबून विचार करावा.

कायदा याबाबत मुका आहे अशी समजूत आहे. ती चुकीची आहे, फक्त कायद्याचे धागे वेगवेगळ्या ठिकाणी पडले आहेत. १९३० च्या माल विक्री अधिनियमात घेणाऱ्याने पारखून घ्यावे हे मूळ तत्त्व आहेच, पण त्याच अधिनियमाच्या १५ व्या आणि १६ व्या कलमांनी त्याला मोठे अपवाद जोडले आहेत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. आणि कशासाठी माल हवा ते घेणाऱ्याने सांगितले, विकणारा त्या मालाचाच व्यापारी असला आणि घेणारा त्याच्या जाणतेपणावर विसंबला, तर तो माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे. ‘पश्चिमेच्या गॅलरीत लावायचे आहे’ हे नर्सरीत उच्चारलेले वाक्य त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनेही वजनदार आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्याच्या कलम २(४७) मध्ये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला, आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत पैसे परत करायला नकार देणे हीही त्याच यादीत येते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष रोपाच्या बाबतीत म्हणूनच ढाल होऊ शकत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था या अधिनियमाखाली तक्रार करू शकते. कंपनीने व्यापारी हेतूने केलेली खरेदी मात्र त्याच्या छत्राखाली येत नाही, तिला आपला करारच नीट लिहावा लागेल.

रोपांसाठी खास असा कायदा महाराष्ट्राने फार लवकर केला. १९६९ च्या फळरोपवाटिका विनियमन अधिनियमाने फळझाडांच्या रोपवाटिकेला परवाना बंधनकारक केला आणि खुंट कुठला, कलमकाडी कुठल्या झाडाची, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली. त्यापूर्वीच, १९६६ च्या बियाणे अधिनियमाने बियाण्याच्या व्याख्येत रोपे, कंद, छाट आणि सर्व प्रकारची कलमे घेतली होती, पण अन्नपिकांची आणि चाऱ्याची. म्हणजे हापूस-केसरच्या कलमाला वंशावळ लागते हे आपण अर्धशतकापूर्वीच मान्य केले. सोसायटीच्या आवारातला बहावा, कंपनीच्या कुंपणाकडेचा कदंब, गॅलरीतला जास्वंद यांना मात्र कोणतीच वंशावळ लागत नाही. या पट्ट्यात खपणारी बहुतांश रोपे याच दुसऱ्या वर्गातली आहेत. कायद्याने आंब्याच्या बाबतीत जे शक्य मानले ते कदंबाच्या बाबतीत अशक्य का असावे, याला मला तरी सयुक्तिक उत्तर सापडलेले नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : रोप जिवंत वस्तू आहे, त्याला यंत्राचे नियम लावू नका. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. जिवंतपणामुळे पुढचे आयुष्य हमीबाहेर जाते, विकतेवेळची अवस्था जात नाही. ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून प्रमाणीकरणाची राष्ट्रीय पद्धत चालवली आहे. तीत मातृरोप विषाणूमुक्त आहे का आणि रोपे जातीशी एकरूप आहेत का, हे तपासले जाते. जळगावच्या केळीला जे लागू होते ते ‘जिवंत वस्तू’लाच लागू होते. आपल्या शेजारीही उदाहरण आहे. तळेगाव दाभाड्याच्या पुष्प उद्यानात आणि मावळातल्या पॉलिहाउसांत गुलाब-जरबेराची लागवड करणारा शेतकरी रोपे घेताना जातीचे नाव आणि पुरवठादार नोंदवूनच घेतो, कारण सगळे भांडवल त्या रोपांवर लागलेले असते. भांडवल जिथे मोठे तिथे नोंद आली. सोसायटीच्या वाटेला फक्त ती आलेली नाही.

दुसरा आक्षेप पुराव्याचा, आणि तो जास्त अवघड. रोप का मेले हे नक्की सांगता येत नसेल तर हमीचा बोजा निरपराध नर्सरीवाल्यावर पडेल, ही भीती पोकळ नाही. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, संगमनेर, अकोले या टापूत टोमॅटो पिवळे-लाल डागाळून सडू लागले, तेव्हा सर्वप्रथम संशय बियाण्यावर आणि रोपांवर गेला. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि एकाहून अधिक विषाणूंचा प्रादुर्भाव पुढे आला, त्यांतले काही मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांच्यामार्फत शेतातच पसरणारे. रोप देणाऱ्याला दोषी धरणे किती घाईचे ठरू शकते, हे त्या हंगामाने दाखवले. नर्सरीवाल्यांच्या बाजूने याहून सबळ उदाहरण मला माहीत नाही, आणि म्हणूनच ते इथे दिले आहे. पण त्यातून हमीच नको असे निघत नाही. निघते ते हे की कारण तपासल्याशिवाय जबाबदारी ठरवू नये. बियाण्यांच्या बाबतीत तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. ती पद्धत परिपूर्ण नसेल, पण पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात सांगितले की शेतकऱ्याने पेरताना तपासणीसाठी बियाणे बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा धरता येत नाही आणि बियाणे अधिनियम आहे म्हणून ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. पुरावा जपण्याचा सगळा भार कमी जाणणाऱ्यावर टाकू नये, हा त्यामागचा विचार रोपांनाही लागू पडतो. मात्र रोप बियाण्यासारखे जमिनीत नाहीसे होत नाही. देताघेताना शंभरातली तीन-चार रोपे दोघांसमोर कापून पाहिली, हुंडीचे आणि सांध्याचे फोटो काढले आणि त्यावर दोघांची सही झाली, तर पुढची बरीच भांडणे उद्भवणारच नाहीत. ही तपासणी नर्सरीवाल्याचेही रक्षण करते. चांगली हुंडी दिल्याचा फोटो ज्याच्याजवळ आहे, त्याला आंबलेल्या खड्ड्याची किंमत मोजावी लागत नाही.

आता त्या हमीकडे वळू, जी या पट्ट्यात प्रत्यक्षात लिहिली जाते आणि जिच्याविषयी मला सर्वात जास्त चिंता वाटते. मोठ्या उद्योगांच्या पर्यावरण मंजुरीत भूखंडाच्या ३३ टक्के क्षेत्रावर हरित पट्टा करण्याची अट वर्षानुवर्षे घातली गेली. तो पट्टा ठेकेदाराकडून करून घेतला जातो आणि करारात वर्षभराची देखभाल व मेलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे, असे कलम असते. शेतकऱ्याच्या भाषेत याला नांग्या भरणे म्हणतात. शेतात नांगी भरणे हे शहाणपणाचे काम आहे, कारण शेतकरी आधी पाहतो की बी का उगवले नाही. इथे ते पाहिले जात नाही. लेखापरीक्षणाच्या दिवशी संख्या पुरी हवी, म्हणून त्याच ट्रकमधले, त्याच जातीचे, तसेच वेटोळलेल्या मुळांचे रोप त्याच मुरमाच्या खड्ड्यात जाते. ठेकेदाराला स्वस्तातले रोप तीन वेळा लावणे हे खड्डा तीन फूट खणून त्यात माती आणि शेणखत भरण्यापेक्षा परवडते. झाडे सगळे मोजतात, मरण्याचे कारण कुणी पाहत नाही. जगण्याची सरसकट हमी अशी चुकीलाच बक्षीस देते. वृक्षलागवडीच्या सरकारी मोहिमांतही हेच अनुभवाला आले. २०१६ मध्ये दोन कोटींपासून सुरू झालेले राज्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले आणि नंतरची सारी चर्चा जगली किती या एका आकड्याभोवती फिरत राहिली. का मेली, हा प्रश्न मागेच पडला. शहरी वृक्षसंरक्षणाच्या १९७५ च्या अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावावीत आणि ती सात वर्षे सांभाळावीत, असा तिचा रोख आहे. सात वर्षांचा पल्ला योग्यच आहे. वेटोळलेली मुळे आपले काम त्याच काळात उरकतात. पण सात वर्षांची जबाबदारी पहिल्या दिवशीच्या हुंडीवर उभी राहते, आणि ती हुंडी कुणी पाहायची याबद्दल निविदेत एखादीच ओळ असते, कधी तीही नसते.

परदेशांत काय चालते, हा प्रश्न हटकून विचारला जातो. अमेरिकेतील होम डेपो आणि लोज या साखळ्या झाडाझुडपांवर वर्षभराची हमी देतात. ब्रिटनमध्ये काही बागविक्री केंद्रे थंडी सोसणाऱ्या झाडांवर त्याहून लांब मुदत देतात. हे ऐकून आपल्याकडेही एक वर्ष मागावे असे वाटते. पण ती हमी आधीच किमतीत मिसळलेली असते आणि तिचा भार बऱ्याचदा माल पिकवणाऱ्यावर ढकललेला असतो. अमेरिकेतल्या काही साखळ्यांत तर रोपाचे पैसे उत्पादकाला मिळतात ते गल्ल्यावर विक्री नोंदली गेल्यावरच, तोवर मेलेले रोप त्याचे. मोठ्या साखळीला हे जमते. मोशीच्या रस्त्याकडेला कुटुंबासह राहून नर्सरी चालवणाऱ्याला जमणार नाही, आणि जमवायला लावूही नये.

कारण तिसरा आक्षेप त्याचाच आहे. जागा भाड्याची, रस्तारुंदीकरणाची टांगती तलवार, उन्हाळ्यात टँकरचे पाणी, आणि गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे. त्याने हमी कुठून द्यायची? त्याच्याकडून जगण्याची हमी मागितली तर तो एकतर खोटे बोलेल किंवा धंदा सोडेल. पण नाव बरोबर आहे, हुंडी अखंड आहे, पिशवी अमुक महिन्यात बदलली, माल अमुक ठिकाणाहून आला, एवढे लिहून देण्याला पैसा लागत नाही, सवय लागते. भाव थोडा वाढेल हे मान्य. पुस्तिकेत म्हणूनच दोन भावांची सूचना केली आहे : नोंदीसह एक, नोंदीशिवाय दुसरा, आणि घेणाऱ्याने दोन्हींतला फरक जाणून निवड करावी. सदोष माल त्याला वरून आला असेल तर वरच्याकडे मागे जाण्याचा हक्कही त्याच नोंदीतून मिळतो. चाकणच्या पुरवठादारांमध्ये जी डेबिट नोट चालते तिचे सोपे रूप सोरतापवाडी आणि मोशी यांच्यामध्ये का चालू नये? आज लहान विक्रेता वरच्या सगळ्यांच्या चुका एकटाच अंगावर घेतो, कारण त्याच्याजवळ कागद नाही.

हमीची मुदत किती, याचे एकच उत्तर नाही, दोषागणिक ते बदलते. फुटलेली हुंडी, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे सगळे देतेवेळीच दिसते. ते त्याच दिवशी पाहावे आणि तक्रार आठवड्याच्या आत करावी, महिन्याने येणाऱ्या तक्रारीला अर्थ नाही. ऑनलाइन मागवलेल्या रोपाला हेच लागू होते. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, पण खोका उघडतानाचा फोटो नसेल तर हक्क सिद्ध करणे कठीण. मुळांचा आणि सांध्याचा दोष एक पावसाळा आणि त्यानंतरचा पूर्ण उन्हाळा ओलांडल्यावरच उघड होतो, तेव्हा पुढच्या मृगापर्यंतची मुदत रास्त आहे. सर्वात उशिरा कळते ते नाव. केसर म्हणून लावलेले कलम केसर नाही, हे कळायला तीन-चार वर्षे जातात. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. उशिराचे सबळ कारण दाखवता येते, पण त्यावर विसंबून बाग लावू नये. म्हणून फळझाडाच्या नावाची हमी पहिल्या फळापर्यंत, फुलझाडाची पहिल्या बहरापर्यंत, असे लेखी घ्यावे, आणि रक्कमही तिथेच ठरवावी. कलम काही शे रुपयांचे असते, गेलेली चार वर्षे नसतात. निदान खड्डा, खत आणि लावणीची मजुरी तरी परत मिळाली पाहिजे. पपईला हे लावू नये. नर-मादी झाडे वेगवेगळी असणाऱ्या जातींत रोपावरून लिंग ओळखता येत नाही, तेव्हा तशी हमी देणाऱ्यावरच शंका घ्यावी. झेंडू, पेटुनिया यांसारख्या हंगामी फुलांनाही हमी नको. त्यांचा बहर ओसरला म्हणजे दोष निघाला असे नाही.

पुस्तिकेच्या शेवटी जोडलेले नोंदपत्र मुद्दाम एका पानाचे ठेवले आहे, नर्सरीतल्या माणसाला आणि सोसायटीच्या माळ्याला टेम्पोजवळ उभ्याउभ्या भरता यावे म्हणून. झाडाचे मराठी आणि शास्त्रीय नाव, पिशवीचे माप, पिशवी बदलल्याचा महिना, माल कुठून आला, कापून पाहिलेल्या रोपांची संख्या आणि त्यांच्या मुळांची अवस्था, इतके रकाने विक्रेत्याचे. उरलेला एक रकाना घेणाऱ्याने भरायचा आहे : खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, आत काय भरले, आणि रिकाम्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर ते किती वेळात जिरले. तो रकाना कोरा राहिला तर मुळांविषयीची हमी लागू होणार नाही, असे पत्राच्या तळाशी जाड अक्षरांत छापले आहे.